साक्ष द्यायला मला बोलावू नका

जिल्ह्याच्या कबड्डी संघात माझ्या भाचीची निवड झाली नाही, राखीवमध्येही नाही. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. दादा म्हणतो, वशिला लागतो. काका म्हणतात, अमेरिकेत असलं चालत नाही, तिथे फक्त गुणवत्ता बघतात. चुलतभावाने उपाय सुचवला: सीईटीसारखी चाचणी घ्या, गुण मांडा, यादी भिंतीवर लावा, वरच्या बारा जणी घ्या, विषय संपला. मग सगळ्यांनी मला ओढलं. तू तिकडे आहेस, तुझी मुलगी एवढी वर्षं चिअरलीडिंग करते, तूच सांग.

असं साक्ष द्यायला ओढण्याची मला मनापासून चीड येते. मी सांगते ते त्यांना ऐकायचं नसतं. त्यांना तिथल्या भांडणात मारायला इथला दगड हवा असतो.

तरी सांगते. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. ज्या लॉरेन्स हर्किमरने 1948 मध्ये नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन सुरू केली, तो याच शहरातला. इथे चिअरलीडिंग शिकवणाऱ्या जिमची वानवा नाही. एप्रिलअखेर ओरलँडोला वर्ल्ड्स, म्हणजे चिअरलीडिंगची जागतिक स्पर्धा होते, हंगाम संपतो आणि मे महिन्यात ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी. पाठीवर नंबर लावून मुली मॅटवर येतात, कोच वह्या घेऊन बसतात. लेव्हल एक ते सात. दोनला हँडस्प्रिंग (हातांवरून उलटी), तीनला टक (गुडघे छातीशी घेऊन हवेत उलटी), चारला लेआउट (तीच ताठ अंगाने), पाचला फुल (त्यात एक पूर्ण गिरकी), सहाला डबल (दोन गिरक्या). काकांच्या मनातली गुणवत्ता ती एवढीच, आणि एवढ्या भागाचे गुण खरंच देता येतात.

पण संघ त्यावर ठरत नाही. स्टंटच्या, म्हणजे एकीला वर उचलून धरण्याच्या, एका गटात साधारण चौघी असतात: खाली दोन बेस, मागे बॅकस्पॉट, वर फ्लायर. संघात पाच गट असतील तर फ्लायर पाचच लागणार. ट्रायआउटला नऊ उत्तम फ्लायर आल्या तर चौघींना खालच्या संघात जावं लागतं किंवा बेस व्हावं लागतं, त्यांचं टम्बलिंग, म्हणजे त्या उलट्या-गिरक्या, कितीही देखणं असो. उलट एखादी उंच, खंबीर, शांत डोक्याची बॅकस्पॉट टम्बलिंगला मागे असूनही वरच्या संघात जाते, कारण तिच्यावाचून तो गट उभाच राहत नाही. त्यात वयोगट पाळायचे, आणि संघाची संख्या जुळवायची. शिवाय परीक्षक एखादं कौशल्य संघातल्या किती जणींनी केलं हे मोजतात, त्यामुळे एकटीदुकटीच्या डबलपेक्षा अनेकींचा नीट उतरलेला फुल कोचला जास्त कामाचा. सादरीकरण अडीच मिनिटांचं. पडलं की गुण कापले जातात, म्हणून कधीमधी जमणाऱ्या अवघड उडीपेक्षा हमखास जमणारी सोपी उडी निवडली जाते. सरावाला कोण दांड्या मारतं, पडल्यावर कोण लगेच उठतं, हेही कोच बघतात. भिंतीवरची क्रमवारी इथे काय कामाची?

कबड्डीतही हेच नाही का? दोन डावे कोपरारक्षक आधीच असतील तर तिसरी कितीही चांगली असली तरी तिची जागा कुठे? दहीहंडीत मोठे झालेल्या आमच्या घराला हे मी समजवायचं? वरच्या थरावर चढणारं पोर गुणपत्रिकेवर निवडत नाहीत. तळाचे खांदे तर त्याहून नाही.

आणि काकांचं 'फक्त गुणवत्ता'. प्रायव्हेट लेसन, गणवेश, कोरिओग्राफी, विमानाची तिकिटं, हॉटेलं मिळून वर्षाला हजारो डॉलर जातात. ज्यांना ते झेपत नाहीत त्यांच्या मुली ट्रायआउटपर्यंत पोचतच नाहीत. त्या कुठल्याच यादीत नसतात, म्हणून त्यांच्यावर अन्याय झाला असंही कोणी म्हणत नाही. तक्रारी इथेही होतात. पेन्सिल्व्हेनियातल्या एका मुलीला 2017 मध्ये शाळेच्या मुख्य संघात घेतलं नाही, तिच्याहून लहान वर्गातल्या मुलीला घेतलं. चिडून तिने स्नॅपचॅटवर शिवी लिहिली, शाळेने तिला वर्षभरासाठी दुय्यम संघातूनही काढलं, आणि ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 2021 मध्ये ती 8 विरुद्ध 1 मतांनी जिंकली, पण जिंकली ती बोलण्याच्या हक्कासाठी. तिची निवड योग्य होती की नाही, हे कोर्टाने ठरवलं नाही.

फरक आहे तो वेगळाच, आणि तो ग्रुपवर कोणी बोलत नाही. आपल्याकडे जिल्ह्याच्या संघामागे दहावी-बारावीचे वाढीव गुण उभे असतात, सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण उभं असतं. 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळ ठरवून गोविंदांना त्या आरक्षणाचा लाभ जाहीर झाला, तेव्हा एमपीएससीची मुलं उगाच पेटली नव्हती. ट्रॅम्पोलिन आणि टम्बलिंगची बोगस प्रमाणपत्रं दाखवून लोकांनी नोकऱ्या मिळवल्याचं उघड झालंच होतं. खेळावर आख्ख्या घराचं पोट टांगलं की निवड समितीतल्या प्रत्येकाकडे संशयाने बघितलं जाणारच. माझी मुलगी वरच्या संघात नाही म्हणून तिची नोकरी जाणार नाही. शिवाय इथे वरच्या संघात नाही तर खालच्या संघात जागा मिळते, वर्षभर कोच मिळतो, स्पर्धा मिळतात. भाचीला काय मिळालं? घरी जा. वशिल्यापेक्षा मला हे जास्त खुपतं. दुसरा संघ उभा करणं आपल्याला का सुचत नाही?

हो, माझ्या मुलीलाही यंदा हवा तो संघ मिळाला नाही. रात्री ईमेल आला, लेव्हल चार. तिला फुल येतो. बाकीच्या आयांनी कोचची वेळ मागितली, मी नाही मागितली. डोंबिवलीत मला शाळेच्या खो-खो संघातून वगळलं तेव्हा बाबा ऑफिसला दांडी मारून मुख्याध्यापकांसमोर जाऊन उभे राहिले होते. मला इथे ते करवत नाही. माझ्या उच्चारांसकट मी भांडले तर पोरगी कायमची 'त्या कटकट्या बाईची मुलगी' होईल, ही भीती नागरिकत्वाची शपथ घेतल्यावरही गेलेली नाही. दादा 'वशिला' म्हणून ओरडतो तेव्हा मला राग येतो आणि हेवाही वाटतो. ते मैदान त्याचं आहे. तिथे ओरडायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मुलगी मात्र मला न विचारता कोचकडे गेली. तेरा वर्षांची पोर, समोर उभी राहून तिने विचारलं, मी पाचला का नाही? कोच म्हणाली, तुझी उंची वाढली, आता तू बॅकस्पॉट आहेस, आणि पाचच्या संघात बॅकस्पॉट भरलेत. दमल्यावर तुझा फुल पूर्ण फिरत नाही. डिसेंबरपर्यंत तो फिरव, मग बोलू. गाडीत बसल्यावर तिने हे सगळं मला सांगितलं, आणि प्रायव्हेट लेसन मंगळवारी ठेवायचा की गुरुवारी, ते विचारलं.