"सूर्यावर फोकस करा" म्हणणारा तो फॉरवर्ड कृपया पुढे पाठवू नका

काल रात्री आत्याचा फोन आला, "अरे तो फोकसवाला मेसेज वाचलास का, उद्या सकाळी टेकडीवर करूनच बघते." आत्या बँकेतून रिटायर झालीये, आतेभाऊ परदेशी जाताना त्याचा डीएसएलआर कॅमेरा आणि लांबचं जवळ आणणारी ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स घरी ठेवून गेला, आणि तेव्हापासून वेताळ टेकडी, पाषाण तलाव, थंडीत कवडी पाट असं तिचं आणि तिच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपचं फोटो काढणं, टाकणं आणि एकमेकांना टिपा देणं जोरात चालू असतं. खरंच छान ग्रुप आहे. कुणाच्या खंड्याचा डोळा शार्प आला तर सगळे मनापासून कौतुक करतात आणि सेटिंग विचारतात. आता त्याच ग्रुपवर "प्रोफेशनल फोटोग्राफर लपवतात ती फोकसची ६ गुपितं" हा फॉरवर्ड फिरतोय. मलाही तो दोन-तीन ठिकाणांहून आलाय, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी गुपित नंबर ३, कारण बाकी चुकीच्या सल्ल्यांनी फोटो बिघडेल, याने डोळा जाईल. मेसेजचं म्हणणं असं: लेन्सचा इन्फिनिटी फोकस (म्हणजे खूप लांबच्या गोष्टी शार्प येतात ती रिंगची जागा) पक्का करायचा तर व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतून, सकाळच्या सूर्यावर फोकस करा, सूर्य सगळ्यात लांब म्हणून तोच खरा इन्फिनिटी, आणि डोळे दिपले तर ग्रहणाचा चष्मा लावा.

अहो, कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडा की! निकॉनचं असो की कॅननचं, सुरक्षेच्या सूचनांमध्येच स्पष्ट दिलेलं असतं की व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका, दृष्टीला इजा होईल. आणि हे उगाच कंपनीने हात झटकायला लिहिलेलं नाहीये. डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरसा आणि प्रिझममधून थेट तुमच्या डोळ्यात जातो, मध्ये काहीही अडवायला नसतं. ३०० मिलिमीटरला सूर्य नुसत्या डोळ्याला दिसतो त्याच्या कित्येक पट मोठा दिसतो, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा तेवढाच मोठा भाग भाजतो, आणि आपण बघत असतो नेमकं मधोमध, जिथे वाचायची, चेहरे ओळखायची नजर असते. त्यात पडद्याला वेदना कळत नाहीत. चटका बसला म्हणून माणूस हात मागे घेतो, इथे काहीच दुखत नाही, काही तासांनी मध्येच काळा डाग दिसायला लागतो आणि त्यावर खात्रीचा असा उपचार नाही. काहींची नजर थोडीफार सुधारते, काहींची तशीच राहते.

"सकाळचं कोवळं ऊन आहे, काय होतंय" असंही आत्या म्हणाली. आठ वाजता टेकडीवरचा सूर्य कोवळा बिलकुल नसतो.

ग्रहणाच्या चष्म्याचं तर त्याहून भयंकर. तो चष्मा नुसत्या डोळ्याने बघण्यासाठी बनवलेला असतो. लेन्सने एकवटलेलं ऊन त्या फिल्मलाच जाळू शकतं, म्हणून चष्मा लावून कॅमेरा किंवा दुर्बिणीतून बघू नका असं नासा प्रत्येक ग्रहणाच्या वेळी सांगते. फिल्टर लावायचा तो लेन्सच्या पुढे, सूर्याच्या बाजूला, आणि तोही खास सूर्यासाठी बनवलेला. २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण पुण्यातून खंडग्रास आहे, तेव्हा हा मेसेज परत उगवणार, म्हणून हे नीट लक्षात ठेवा.

आणि एवढं करून मिळणार काय? काही नाही. ऑटोफोकसच्या बऱ्याच लेन्स मुद्दाम इन्फिनिटीच्या थोड्या पलीकडे फिरतात, कारण तापमानाने लेन्सचे भाग किंचित आकुंचन-प्रसरण पावतात, आणि ७०-३०० सारख्या लेन्सला झूम बदललं की ती जागाही सरकू शकते. म्हणजे एकदा "सेट" करून पट्टी चिकटवून ठेवायची गोष्टच नाही ती. चांदण्यांचे फोटो काढायचेत? कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर चित्र दाखवणारा मोड) चालू करा, एखादा ठळक तारा किंवा लांबचा दिवा स्क्रीनवर मोठा करा आणि तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा. धायरी-सिंहगड रोडच्या बाजूला राहत असाल तर सिंहगडावरच्या टॉवरचे लाल दिवे यासाठी उत्तम आहेत.

आता बाकीचे मुद्दे. "प्रोफेशनल ऑटोफोकस वापरतच नाहीत." साफ खोटं. १९८५ ला मिनोल्टा ७००० हा ऑटोफोकसचा कॅमेरा आला, त्यानंतर खेळांचे आणि पक्ष्यांचे फोटो काढणारे ऑटोफोकसवरच पोट भरतायत. मॅक्रो (अगदी जवळून काढलेले बारीक गोष्टींचे फोटो), तारे आणि व्हिडिओला मॅन्युअल वापरतात हे खरंय, तेवढं मान्य. पण उडत्या बगळ्याला हाताने फोकस कर असं साठीच्या बाईला सांगणं म्हणजे तिचा हौसेचा छंद मोडणं आहे. आजच्या साध्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये जुन्या कॅमेऱ्यासारखी चित्राचे दोन तुकडे जुळवून फोकस करायची सोयही नसते. हलत्या पक्ष्यावर सतत फोकस ठेवणारा कंटिन्युअस मोड लावा, एकच फोकस पॉइंट निवडा, तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा.

"एफ/२२ ठेवा, सगळं शार्प येतं." एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं छिद्र लहान, आणि छिद्र लहान केलं की पुढचं-मागचं जास्त फोकसमध्ये येतं हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं सांगत नाहीत. एफ/२२ ला डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, प्रकाशाचा प्रत्येक बिंदू साधारण २९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होतो, आणि साध्या डीएसएलआरमधल्या २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा एक पिक्सेल असतो जेमतेम ४ मायक्रॉनचा, त्यामुळे सगळंच सारखं मऊ, म्हणजे किंचित पुसट येतं. शिवाय एफ/५.६ वरून एफ/२२ ला गेलात की प्रकाश सोळाव्या हिश्शावर येतो, जिथे १/५०० सेकंदाचं शटर मिळत होतं तिथे १/३० सेकंदाचं मिळणार. ३०० मिलिमीटर हातात धरून १/३० ला पक्षी काढून बघा म्हणजे कळेल. लँडस्केपला एफ/८, एफ/११ पुष्कळ झालं.

"नेहमी मधल्या पॉइंटने फोकस करून मग फ्रेम फिरवा." हे लांबच्या गोष्टींना, ग्रुप फोटोला चालतं, मीही करतो. पण ५० मिलिमीटर एफ/१.८ ने मीटरभरावरून नातवाचा चेहरा काढताना नाही. तिथे एपीएस-सी कॅमेऱ्यावर शार्प पट्टा असतो एकूण अडीच सेंटीमीटरच्या आसपास, आणि कॅमेरा दहा-बारा अंश फिरवला की फोकस दीड-दोन सेंटीमीटर मागे सरकतो. डोळा मऊ, कानाजवळचे केस शार्प. पॉइंटच डोळ्यावर न्या, त्यासाठीच बटणं दिलीयेत.

रात्री घुबडाच्या डोळ्यात टॉर्च मारून फोकस मिळवायचा सल्ला वाचून मात्र डोकं फिरलं. पिंगळा अंधारात शिकार करून जगतो, त्याच्या डोळ्यात झोत मारून त्याला आंधळं करून कसला फोटो? नाही मिळाला फोकस तर घरी जा.

शेवटचं, "फोटो ब्लर येतो म्हणजे लेन्स खराब, सर्व्हिसिंग करा." आत्याच्या ग्रुपमधले एक काका यावरून पैसे घालवायच्या बेतात आहेत. आधी फोटो शंभर टक्क्यावर मोठा करून बघा. पक्षी मऊ पण मागची फांदी शार्प असेल तर फोकस चुकीच्या जागी गेलाय. सगळंच एका दिशेला फरफटलेलं असेल तर हात हललाय, शटरचा वेग वाढवा. फांदी शार्प आणि फक्त पंख पुसट तर पक्षी हललाय, तरी शटरचा वेगच वाढवा. मग ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून भिंतीला चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा फोटो एकदा व्ह्यूफाइंडरने आणि एकदा लाइव्ह व्ह्यूने फोकस करून काढा. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि व्ह्यूफाइंडरचा दर वेळी मऊ येत असेल तरच लेन्स आणि बॉडी दोन्ही घेऊन दुकानात जा.