रॅकमधल्या दुनळी रायफलीबद्दल आणि माझ्या चढलेल्या आवाजाबद्दल

नमस्कार साहेब,

गेल्या शनिवारी तुम्ही मुलाला घेऊन आमच्या कोल्हापूरच्या दुकानात आला होतात. नंतर एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, की आम्ही नमस्काराआधी परवाना मागितला, रायफल हातात दिली आणि ओरडून काढून घेतली, किंमत सांगितली नाही, फोटो काढू दिला नाही. ‘हे बंदुकीचं दुकान आहे की पोलीस चौकी?’ असंही विचारलंत.

आधी माझी चूक. मुलासमोर मी तुमच्यावर आवाज चढवला. वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या लेकरासमोर असं बोलायला नको होतं. तुमची आणि मुलाची, दोघांचीही मनापासून माफी मागतो. परवानाही बसायला खुर्ची देऊन, पाणी विचारून मागता आला असता. तो मागणं मात्र सोडता येणार नाही. शस्त्र कायदा 1959 चा आहे आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही हा त्याचा पाया आहे. आमच्या काउंटरवर परवाना पाहिल्याशिवाय कोणाच्याच हातात हत्यार जात नाही. तुमच्याकडे बारा बोअरचा (बोअर म्हणजे नळीचं माप) परवाना होता, तो पाहिला आणि मगच रायफल दिली. मुलगा सतरा वर्षांचा, म्हणून त्याचा हात मी अडवला. तुमच्या जागी आमदार असते तरी अडवला असता.

आता ओरडण्याचं कारण. तुम्ही हातात घेतली होती ती .470 बोअरची दुनळी रायफल, बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सची. तुम्ही ती उघडलीत, नळ्यांतून उजेडाकडे पाहिलंत, इथवर सगळं बरोबर होतं. मग झटक्यात मिटलीत आणि एकामागून एक दोन्ही चाप ओढलेत. रायफल रिकामी होती हे मला माहीत होतं. पण रिकाम्या चेंबरवर घोडा पडला, की फायरिंग पिनला थोपवायला समोर काडतुसाचं बूड नसतं, सगळा धक्का त्या बारीक पोलादावर येतो. आजच्या बऱ्याच रायफली हे सोसतात. इतक्या जुन्या दुनळीची पिन मोडली, तर तसा सुटा भाग बाजारात मिळत नाही, कारागिराकडून लेथवर घडवून घ्यावा लागतो. शिवाय दुसरा चाप ओढलात तेव्हा नळ्यांचं तोंड आमच्या कामाच्या पोराकडे होतं. हत्यार रिकामं असलं तरी ते माणसाकडे रोखायचं नाही, हे मी वडिलांकडून शिकलो आणि ते आजोबांकडून शिकले. त्या क्षणी माझ्या तोंडून ओरडणंच बाहेर पडलं.

तुम्ही लिहिलंत, ‘दोन नळ्या जोडल्या की झाली दुनळी, एवढं काय त्यात?’ छऱ्याच्या बंदुकीला दोन्ही नळ्यांचा मारा थोडा इकडेतिकडे झालेला चालतो. दुनळी रायफलीत दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरलेल्या अंतरावर जवळजवळ एकाच जागी पडाव्या लागतात. त्यासाठी कारागीर नळ्या सांधतो, गोळ्या झाडून पाहतो, सांधा तापवून मधली पाचर केसभर सरकवतो, पुन्हा सांधतो आणि पुन्हा झाडतो. मनासारखं जमेपर्यंत हेच चालू असतं. ते साधलेलं हत्यार हातात धरलं, की मला अजूनही बोलायचं सुचत नाही. त्या बोअरची कथा तर आपल्या देशाशी जोडलेली आहे. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .450 बोअर खासगी लोकांना बंद केला, कारण लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी त्याच व्यासाची होती आणि ती बंडखोरांच्या हाती पडण्याची धास्ती होती. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .465, .470, .476 असे नवे बोअर काढले. शनिवारी हे सगळं मुलाला सांगायला हवं होतं.

किंमत सांगितली नाही, कारण ती रायफल आमची नाही. परवानाधारक वारला की वारसांना हत्यार पोलीस ठाण्यात किंवा आमच्यासारख्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली, तेव्हाही कितीतरी घरांतलं तिसरं हत्यार असंच जमा झालं. त्या रॅकमधली बरीचशी हत्यारं कोणाच्या तरी आजोबांची, वडिलांची आहेत. दुसऱ्याच्या ठेवीची किंमत मी कशी सांगू? फोटोचंही तेच. प्रत्येक हत्याराला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली असते, ती तुमच्या मोबाइलमधून कुठवर जाईल हे तुमच्याही हातात राहत नाही.

नवी म्हणून आम्ही तुम्हाला दाखवली ती बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .315 बोअरची रायफल. ती ‘साधी’ वाटली असं तुम्ही लिहिलंत. नक्षी नाही, आक्रोडाचा दस्ता नाही, हे खरं. सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही, त्यामुळे विलायती माल इथे जुनाच हातोहात फिरतो.

राहिला मुलाचा प्रश्न, ‘हिने शिकार कुठे करता येईल?’ मी ‘कुठेच नाही’ एवढंच म्हणालो आणि तुम्हाला ते तुटक वाटलं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आणि पुढे 1991 च्या दुरुस्तीने हौसेची शिकार या देशात संपली, आणि ती संपली हे योग्यच झालं असं मी, बंदुका विकणारा माणूस, म्हणतो. राधानगरीकडचे शेतकरी उसात रानडुकरं घुसतात म्हणून आमच्याकडे येतात. त्यांनाही मी सांगतो, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे, त्यासाठी वनखात्याकडे जा. शिकारीचं स्वप्न दाखवून मी एकही रायफल विकणार नाही.

नकली काडतुसांची जोडी आता काउंटरवरच ठेवली आहे. ती घालून चाप ओढला की पिनला धक्का बसत नाही. शनिवारी ती आतल्या कपाटात राहिली होती. परवाना दाखवण्याची सूचनाही दारावर लावली आहे.

तुम्ही बोलता बोलता म्हणालात, की वडिलांची बारा बोअरची दुनळी बरीच वर्षं तशीच पडून आहे आणि डाव्या नळीचा घोडा नीट उठत नाही. ती एकदा घेऊन या, परवाना सोबत ठेवा आणि निघण्याआधी ती रिकामी आहे ना, हे स्वतः उघडून बघा. मी तुमच्यासमोर खोलून तपासतो. मुलालाही आणा. त्याच्या हातात देता येणार नाही, पण आत काय चालतं ते शेजारी बसवून दाखवीन.

आपला,
दुकानाचा मालक