विद्यार्थी-विकासात करिअर करायचंय? आधी फोटो काढायला शिका

विद्यार्थ्यांसाठी काहीतरी करावं, त्यांच्या अडीअडचणीला उभं राहावं, एखाद्याचं तरी आयुष्य मार्गी लावावं, असं तुम्हाला मनापासून वाटतं का? वाटत असेल तर घाबरू नका, वेळीच उपाय केला तर बरं होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी, मेंटॉर, समुपदेशक किंवा प्लेसमेंट ऑफिसर म्हणून रुजू व्हा. दोन सत्रांत गुण येतो.

सुरुवातीलाच पगाराचं विचारू नका. ही पदं बहुतेक ठिकाणी पदं नसतातच, आदेश असतात. ‘आपणास सूचित करण्यात येते की’ अशी सुरुवात आणि खाली प्राचार्यांची सही. मराठी शिकवणाऱ्या मॅडम सोमवारी सकाळी समुपदेशक होतात, भूगोलाचे सर मधल्या सुट्टीत प्लेसमेंट ऑफिसर होतात. तुम्ही तासिका तत्त्वावर असाल तर फारच छान. ज्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात त्याच्याकडूनच बिनतासाची कामं करून घ्यायची असतात. कायम असलेला माणूस नाही म्हणू शकतो, आणि म्हणतोही.

आता दैवत ओळखून घ्या. ते बंगळुरूला असतं, १९९४ सालापासून. नाव नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यमापन करणारी परिषद. त्याचे निकष सात, आणि पाचवा निकष तुमचा: विद्यार्थ्यांना साहाय्य आणि त्यांची प्रगती. नॅक आता श्रेणी देणं थांबवून मान्यता आहे की नाही एवढंच सांगणार, अशी घोषणा २०२४ मध्ये झाली तेव्हा काही भोळे लोक सुटलो म्हणाले. त्यांनी पुराव्यांच्या फायली रद्दीत घातल्या नाहीत एवढं त्यांचं नशीब. श्रेणी जाईल, फाईल जात नाही.

फायलीला फोटो लागतो, आणि तोही साधा नाही, जिओटॅग असलेला, म्हणजे खाली अक्षांश-रेखांश उमटलेला. ताणतणाव व्यवस्थापनावर व्याख्यान झालं की मुलांचा ताण कमी झाला का, हे कोणी विचारत नाही. ते अमुक अक्षांशावर झालं की नाही, हे विचारतात. तेव्हा मोबाईलमध्ये ते अ‍ॅप आजच घ्या. पाहुणे बोलायला उभे राहिले की लगेच काढा, कारण विसाव्या मिनिटाला मागच्या रांगा रिकाम्या होतात. बॅनर पूर्ण आला पाहिजे, पाहुण्यांचा चेहरा आला पाहिजे, मुलांच्या मागून काढलेला एक फोटो पाहिजे. याच अ‍ॅपने एका जुन्या कलेचा मात्र घात केला. पूर्वी एकाच दुपारी बॅनर बदलून तीन कार्यक्रम उरकता येत. आता फोटोवर तारीख आणि वेळही येते, त्यामुळे तीन कार्यक्रम खरोखरच तीन वेळा घ्यावे लागतात. उच्च शिक्षणातली ही सुधारणा कोणी नोंदवली नाही म्हणून इथे नोंदवतो.

मेंटॉर झालात तर तुम्हाला मुलं वाटून मिळतील, हजेरीपटावरच्या क्रमांकाने. एक ते तीस तुमची. त्यांच्या आशा-आकांक्षा, घरची परिस्थिती, बलस्थानं आणि उणिवा अशा रकान्यांचा एक अर्ज असतो. तो मुलांकडून भरून घेऊ नका, ती खरं लिहितात. ‘सकाळी दूध घालून येतो म्हणून पहिला तास चुकतो’ असं कोणी लिहिलं तर त्याचं करायचं काय? वेळापत्रक बदलायचं? त्यापेक्षा ‘वेळेचे नियोजन सुधारण्याबाबत मार्गदर्शन केले’ असं तुम्हीच लिहा आणि सही घ्या. पुढे याच मुलांतून मंद गतीने शिकणारे आणि जलद गतीने शिकणारे असे दोन गट पाडायचे असतात. दूध घालणारा कुठल्या गटात जाईल हे सांगायला नको.

समुपदेशकाच्या बाबतीत एक आकडा आधी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. हे उपरोधाने सांगण्यासारखं नाही, म्हणून सरळ सांगितलं. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, विद्यार्थी कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी.

आता पुढचं काम आपलं. ‘पात्र’ या शब्दाने दचकू नका, दोन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेचं प्रमाणपत्र पुष्कळ झालं. रीतसर जोडणी म्हणजे सामंजस्य करार, तो करताना हस्तांदोलनाचा फोटो घ्या (अक्षांश!). समुपदेशन कक्षाला खोली मिळेल ती क्रीडा साहित्याशेजारची, किंवा क्रीडा साहित्यासकटची. गुप्ततेची काळजी नको, नोंदवहीत नाव, वर्ग, समस्या आणि सही असे चार सुटसुटीत रकाने आखलेले असतात आणि ती टेबलावर उघडीच असते, म्हणजे पुढच्याला आधीच्याचं बघून समस्या कशी लिहायची ते कळतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. त्याचं भित्तिपत्रक लावायचंच असतं. ते प्राचार्यांच्या केबिनबाहेर लावा. तिथे आपणहोऊन कोणी विद्यार्थी उभा राहत नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं कोरं करकरीत राहतं.

प्लेसमेंटबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तो निव्वळ अंकगणिताचा विषय आहे. शंभर टक्के कसे आणायचे? भागाकारात खाली किती मुलं धरायची हे तुमच्या हातात असतं. ‘पात्र आणि इच्छुक’ एवढीच धरा. ज्याला नोकरी लागली नाही तो इच्छुक नव्हता.

खरी मेख पुढे आहे, तेव्हा इथे जरा लक्ष द्या. वरच्यापैकी एकही पद नसलेला एक माणूस कॉलेजात असतो. ऑफिसच्या शेवटच्या खिडकीत बसणारा, शिष्यवृत्तीचं काम पाहणारा लिपिक. त्याच्यापासून सांभाळून राहा. तो तुमचं काम करून टाकतो आणि त्याचा फोटोही काढत नाही.

या माणसाला महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, कोळून प्यायल्यासारखं येतं. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अनुसूचित जातीच्या मुलासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला आठ लाख, हे तर कोणीही सांगेल. पण अर्ज ‘सेंड बॅक’, म्हणजे दुरुस्तीसाठी परत, झाला की तो कॉलेजकडून झाला की जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडून, हे तो स्क्रीनकडे न बघता सांगतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कुठल्या वर्षाचा चालतो, शिक्षणात गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र कसं लिहायचं, आधारवर ‘बाळू’ आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘बाळासाहेब’ असलेल्या मुलाने आधी काय दुरुस्त करायचं, हे सगळं त्याला तोंडपाठ. मंजूर झालेले पैसे खात्यावर दिसत नाहीत म्हणून एखादी मुलगी रडत आली तर तो विचारतो, ‘ताई, मधे नवीन सिमकार्ड घेतलं होतंस का?’ घेतलेलं असतं. तेव्हा नकळत एक पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं, आधारला शेवटचं तेच जोडलेलं असतं, आणि पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. पाच मिनिटांत सापडतात. मुलगी डोळे पुसून तासाला जाते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं, तेव्हा फी मागायला बसलेल्या काउंटरवर तो निर्णय छापून नेऊन ठेवणाराही तोच.

तुम्ही ताणतणावावर तीन व्याख्यानं घेता. हा माणूस ताणच काढून टाकतो. अशाने आपल्या क्षेत्राचं भवितव्य काय?

सुदैवाने व्यवस्था सावध आहे. तो बहुधा बाहेरच्या एजन्सीमार्फत, अकरा-अकरा महिन्यांवर असतो. पाचव्या निकषात त्याला रकाना नाही. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांची संख्या असते. ती तुम्ही त्याच्याकडून मागून घ्यायची, टंकायलाही त्यालाच सांगायची, आणि खाली ‘समन्वयक’ म्हणून स्वतःचं नाव घालायचं. तो हरकत घेत नाही. त्याला खिडकीशी रांग असते.

कधी ना कधी समिती येईल. नॅकची, विद्यापीठाची, संलग्नीकरणाची, कुठली तरी. त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घाला, फायली निकषांप्रमाणे रंगीत फितींनी बांधा, तक्रारपेटीची किल्ली आदल्या दिवशी शोधून पेटी रिकामी करा. समितीला चार हसतमुख विद्यार्थी भेटवायचे असतात. ते जिमखान्यातले घ्या. नेमका त्याच वेळी एखादा मुलगा हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन तुमच्या दारात येईल आणि म्हणेल, ‘सर, अर्ज सेंड बॅक आलाय, काय करू?’

गोंधळू नका. तुम्ही विद्यार्थी विकास अधिकारी आहात. त्याला प्रेमाने शेवटच्या खिडकीकडे पाठवा. खिडकी बंद असेल, कारण लिपिकाला गेटवर पुष्पगुच्छ घेऊन उभं केलेलं असेल. मुलगा परत येऊन सांगेल की आज शेवटची तारीख आहे. त्याच्या खांद्यावर हात ठेवा, मुदतवाढ मिळेल म्हणा. बहुतेक वर्षी मिळते. आणि त्याला तसाच दोन मिनिटं उभा ठेवा, समितीचे सदस्य जिन्यावरून येतच आहेत, वैयक्तिक मार्गदर्शनाचा फोटो अजून व्हायचाय.