हरणारा संघ गाव सोडतो म्हणे!

"संघ हरायला लागला की स्टेडियम ओस पडते आणि मालक बिस्तरा गुंडाळून दुसऱ्या शहरात जातो. निष्ठा ठेवणारे येडे ठरतात." अशा सुरुवातीचा एक लांबलचक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. घरच्या पोट्ट्यानं तो दाखवला, तेव्हा खाली गावातल्याच कोण्या शहाण्यानं शेपूट जोडलेलं होतं: "आपल्या मंडळाचंबी तेच हाय. दरसाल पहिल्याच राउंडात मार खातेत, मंग वर्गणी काऊन द्याची?" अमेरिकेतल्या संघांबद्दल कोणी काय लिहावं ते ज्याचं त्यानं पाहावं. पण त्याचा दाखला देऊन इथल्या फुटबॉल मंडळातल्या पोरांच्या बॉलचे पैसे तोडायचे असतील, तर मेसेज ओळीनं तपासलाच पाहिजे.

आधी एक घोटाळा निस्तरू. मेसेजमधली बहुतेक उदाहरणं अमेरिकन फुटबॉलची आहेत, म्हणजे अंडाकृती बॉल हातात धरून पळतात तो खेळ. त्यांची लीग एनएफएल, संघ ३२. मधेच इंग्लंड आणि पुणे घुसडलंय, तो आपला पायानं खेळायचा फुटबॉल. लिहिणाऱ्यानं दोन्ही एकाच पोत्यात भरलेत.

"हरला की गेला." डेट्रॉइट लायन्स २००८ च्या हंगामात सोळाच्या सोळा सामने हरले. ते आजही डेट्रॉइटचेच आहेत. क्लीव्हलँड ब्राउन्सनं २०१६ आणि २०१७ मिळून ३२ सामन्यांत फक्त एक जिंकला, तरी क्लीव्हलँड सोडलं नाही. आता उलटं पाहा. ओकलंडचा रेडर्स संघ जानेवारी १९८१ मध्ये सुपर बोल, म्हणजे तिथलं अजिंक्यपद, जिंकला आणि १९८२ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. १९९५ मध्ये ओकलंडला परत आला. २०१६ च्या हंगामात त्यानं सोळापैकी बारा सामने जिंकले, आणि मार्च २०१७ मध्ये इतर मालकांनी त्याला लास वेगासला जायची परवानगी दिली. जिंकून दोनदा गाव सोडणाऱ्या या संघाचं मेसेजमध्ये नावही नाही.

हरण्यानं तिथला मालक उपाशी मरत नाही, याचं कारण लीगच्या रचनेत आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. एनएफएलमध्ये खालची श्रेणीच नाही. उलट, सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पुढच्या वर्षी कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंमध्ये पहिली निवड मिळते. देशभरच्या टीव्ही हक्कांचा पैसा तर ३२ जणांत सारखा वाटला जातो. अव्वल आलेल्याला जेवढा, शेवटच्याला तेवढाच.

आता ते वाक्य, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो: "संघ जातो त्यात खरा दोष प्रेक्षकांचाच, त्यांनी मैदान भरलं असतं तर मालक कशाला गेला असता?" सगळ्या मेसेजमध्ये याहून खोटं आणि याहून निर्दय काही नाही. ज्यांचा संघ गेला, त्यांच्याच डोक्यावर खापर.

रेडर्स १९८२ मध्ये गेला, त्याआधी ओकलंडचं मैदान भरत होतं. वर्षानुवर्षं तिकिटं संपत होती. मालक अल डेव्हिसला पाहिजे होत्या काचेच्या बंद खोल्या, ज्या कंपन्या अख्ख्या हंगामासाठी भाड्यानं घेतात: आत सोफा, जेवण, पाहुण्यांची बडदास्त. यातली मेख अशी. साध्या तिकिटांच्या पैशातला एक हिस्सा लीगमधल्या बाकी संघांत वाटावा लागतो. या खोल्यांचं जे जादा भाडं येतं, ते वाटावं लागत नाही. यजमान मालकाच्याच खिशात जातं. त्यामुळे साठ हजार लोक घसा फोडून ओरडत असले तरी खोल्या कमी असलेलं मैदान मालकाच्या लेखी जुनाटच. ओकलंडमध्ये त्या खोल्यांची बोलणी फिसकटली. डेव्हिसनं जायचं ठरवलं, लीगनं नकार दिला, तो कोर्टात गेला आणि जिंकला. या सगळ्यात प्रेक्षकांनी नेमकं कुठं कमी केलं?

क्लीव्हलँडचं तर त्याहून कडू. १९९४ च्या हंगामात ब्राउन्सनं सोळापैकी अकरा सामने जिंकले होते. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी मालक आर्ट मॉडेलनं बाल्टिमोरला जात असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडमध्ये मतदान होतं, स्टेडियम दुरुस्तीसाठी दारू-सिगारेटवरचा कर चालू ठेवायचा की नाही यावर. संघ चालला हे कळूनही लोकांनी मोठ्या बहुमतानं कराच्या बाजूनं मत टाकलं. आणखी किती निष्ठा पाहिजे, बापा?

मात्र ती निष्ठा वाया गेली नाही. स्टेडियमचा करार १९९८ पर्यंतचा होता. शहरानं तोच कागद धरून कोर्ट गाठलं आणि तडजोडीत संघाचं नाव, रंग आणि सगळा इतिहास स्वतःकडे ठेवून घेतला. मॉडेल माणसं घेऊन गेला, त्याला बाल्टिमोरमध्ये नवं नाव शोधावं लागलं. १९९९ मध्ये क्लीव्हलँडला त्याच नावाचा संघ परत मिळाला. शिवाय क्लीव्हलँड ज्या राज्यात आहे त्या ओहायोनं १९९६ मध्ये कायदाच केला: करदात्यांच्या पैशावर उभ्या मैदानात खेळणाऱ्या संघाला जायचं असेल, तर सहा महिने आधी नोटीस द्यायची आणि स्थानिकांना संघ विकत घ्यायची संधी द्यायची. पुढं त्याच राज्यातला कोलंबस क्रू हा पायानं खेळायच्या फुटबॉलचा संघ टेक्सासमधल्या ऑस्टिनला न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा चाहते रस्त्यावर उतरले आणि राज्य याच कायद्याच्या आधारे कोर्टात गेलं. २०१८ मध्ये नवे मालक पुढं आले, संघ कोलंबसमध्येच राहिला आणि २०२० मध्ये लीगचा विजेता झाला.

मेसेजवाल्याला इथं चार आणे द्यावे लागतील. सेंट लुइसचा रॅम्स संघ २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा तो खरोखर हरत होता. २००३ नंतर हरलेल्यापेक्षा जिंकलेले सामने जास्त, असा एकही हंगाम नव्हता, आणि मैदानही पूर्वीसारखं भरत नव्हतं. पण जाण्याची वाट उघडली ती करारातल्या एका कलमानं. १९९५ मध्ये संघाला बोलावताना शहरानं लिहून दिलं होतं की आमचं स्टेडियम दर दहा वर्षांनी देशातल्या पहिल्या पाव हिश्श्यात बसेल असं ठेवू. वीस वर्षांत बाकीच्यांनी नवी स्टेडियमं बांधली, हे मागं पडलं. लवादानं २०१३ मध्ये संघाची सुमारे ७० कोटी डॉलरची दुरुस्ती योजना योग्य ठरवली, शहरानं एवढा खर्च करायला नकार दिला, आणि करार वर्षा-वर्षाचा झाला. मालक स्टॅन क्रोंकीनं त्याआधीच लॉस एंजेलिसजवळ जमीन घेऊन ठेवली होती. हरणं हे निमित्तालाही पुरेसं नव्हतं.

आणि एनएफएलचं स्वतःचं स्थलांतर धोरण कागदावर आहे, ते वाचलं तरी हा वाद मिटतो. ३२ पैकी २४ मालकांची मतं लागतात. आधी अर्ज, मग ज्या शहरातून जायचं तिथं जाहीर सुनावणी. निकषांच्या यादीत स्टेडियमची अवस्था येते, स्थानिक सरकारनं किती पैसा घातला ते येतं, मालकानं प्रामाणिकपणे बोलणी केली का ते येतं, आणि चाहत्यांनी किती निष्ठा दाखवली तेही येतं. सामने किती हरले, असा वेगळा निकष त्यात नाही. दुसऱ्या शहरात जास्त कमाई दिसते एवढ्यावर जायचा हक्क कोणाला मिळत नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. लीगनं हे स्वतःचंच धोरण मोडलं, असा दावा सेंट लुइसनं कोर्टात केला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये लीगच्या बाजूला ७९ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. दोष प्रेक्षकांचा होता, तर हे पैसे कशाचे?

"एका रात्रीत ट्रक भरून पळाले" हे बाल्टिमोर कोल्ट्सबद्दल, आणि ते खरं आहे: २८-२९ मार्च १९८४ ची रात्र. संघ कमजोर होता हेही खरं. पण रात्रीची घाई यासाठी, की मेरीलँडच्या, म्हणजे बाल्टिमोरच्या राज्याच्या, विधिमंडळात संघच सरकारजमा करता येईल असा कायदा येत होता.

"इंग्लंडमध्ये असलं होत नाही" म्हणे. मे २००२ मध्ये तीन जणांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं लंडनच्या विम्बल्डन संघाला मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. अंतर सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे अमरावतीचा संघ यवतमाळला. कारण पुन्हा तेच: १९९१ पासून क्लबला स्वतःचं मैदान नव्हतं, दुसऱ्याच्या मैदानात भाड्यानं खेळत होता. मक्त्याचं वावर कितीही मन लावून वाहिलं, तरी सातबारा दुसऱ्याच्याच नावे. चाहत्यांनी त्याच वर्षी नवा क्लब काढला, नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली, २०११ मध्ये चौथ्या श्रेणीत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये पोचले आणि नोव्हेंबर २०२० पासून जुन्या वस्तीतल्या आपल्या मालकीच्या मैदानात खेळतात.

हरून, गर्दी आटून हललेला संघ शोधायचाच असेल तर तो आर्सेनल. १९१२-१३ मध्ये शेवटचा आला, वुलिचमध्ये प्रेक्षक मिळेनात, म्हणून १९१३ मध्ये थेम्सपलीकडे हायबरीला गेला. हा एकुलता एक बरा पुरावा होता, आणि मेसेजवाल्याला नेमका तोच सापडला नाही.

पुण्याचा संघही हरला म्हणून गेला, असं मेसेज म्हणतो; त्याचं थोडक्यात. एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीगमधला संघ २०१७-१८ मध्ये चौथा येऊन उपांत्य फेरीत खेळला होता. २०१९ मध्ये तो बंद पडला तो मालकांच्या पैशाच्या अडचणींमुळे, आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. तो हैदराबाद पहिल्याच हंगामात तळाला गेला. मेसेजच्या हिशेबानं त्यानं तेव्हाच पळायला पाहिजे होतं. २०२१-२२ मध्ये तो विजेता झाला.

राहिलं शेपूट, वर्गणीचं. अमेरिकेतून गावासाठी काही शिकायचंच असेल तर ग्रीन बे पॅकर्सकडून शिका. जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, संघ १९२३ पासून भागधारकांचा. त्या भागांवर लाभांश मिळत नाही, आणि संघ विकला तर पैसा धर्मादाय कामाला जातो, भागधारकांना नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत संघ बहुतेक वर्षं मार खात होता, तरी हलला नाही, कारण हलवून कोणालाच काही मिळणार नव्हतं.

आपल्याकडे मंडळ पहिल्या राउंडात हरून मोडत नाही. सोयाबीन सोंगणीला पोट्टे वावरात जातात, बारावी झाली की पुण्याला कंपनीत जातात, आणि ई-क्लासवरच्या, म्हणजे गावच्या सरकारी चराईच्या जमिनीवरच्या, मैदानात एखाद्या वर्षी कोणीतरी कुटार टाकतो, दुसरा ट्रॅक्टर उभा करतो. वर्गणी लागते ती पाच नंबरचे दोन बॉल, जाळी, फक्की आणि गोलपोस्टसाठी. पोस्ट ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. काळ्या मातीत नुसता खड्डा करून पाइप रोवला तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर्षभरात पोस्ट कलते. खड्ड्यातली काळी माती काढून खाली मुरूम ठोकायचा, वर काँक्रीट भरायचं. सुटं पोस्ट उभं ठेवूच नका, पोरं आडव्या पाइपला लोंबकळतात आणि ते अंगावर येतं.

मंडळ उद्या कोणी खिशात घालून नेऊ नये असं वाटत असेल तर सात जण मिळून संस्था नोंदवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार संस्था बंद झाली तरी उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते; पॅकर्सनी केलं तेच. आणि मैदान खेळासाठी राखून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत घ्या, त्यात गट नंबर आणि चतुःसीमा लिहा, सही-शिक्क्याची नक्कल मंडळाच्या फायलीला लावा. ग्रामसेवक बदलून गेला की जुनं बुक शोधत कोणी बसत नाही.