'भिऊ नको' ३६५ वेळा? जरा थांबा भावांनो

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाच्या इशाऱ्याकडं सरकायला लागलं की कोल्हापुरात आमच्या चर्चच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतोय, की बायबलमध्ये 'भिऊ नको' बरोब्बर ३६५ वेळा आहे, वर्षाच्या रोजच्या दिवसाला एक, आणि खाली लिहिलेलं की जो भितो तो देवाचं लेकरूच नाही. फॉरवर्ड करायच्या आधी एकदा मोजा की राव! भाषांतराप्रमाणं आकडा कमीजास्त होतोय पण ३६५ च्या जवळपासबी जात नाही (लीप वर्षात काय करायचं मग 😄).

आकड्याचं जाऊ दे, खालची ओळ लै वाईट हाय. २०१९ चा महापूर बघितलेल्या माणसाला पाऊस वाढला की धडधडतंच, त्याला 'तुझा विश्वास कमी' म्हणायचं? स्तोत्र ५६ मध्ये मला भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवीन असं आहे, म्हणजे भीती वाटणार हे धरूनच चाललंय की. येशूचा प्रेषित पौल स्वतः करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितोय मी तुमच्याकडं भीत, थरथरत आलो. आणि रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, रोमकरांस ८:१५ मध्ये, तोच सांगतोय की तुम्हाला परत भ्यायला लावणारा गुलामीचा आत्मा नाही मिळाला, दत्तकपणाचा मिळालाय, ज्यानं आपण देवाला 'अब्बा', म्हणजे बापा, म्हणून हाक मारतो. दत्तक घेतलेलं पोरगं अंधारात घाबरलं म्हणून बाप त्याला घराबाहेर काढत नाही, ते बापाला हाक मारतंय एवढंच. तेवढी खालची ओळ काढून टाका आणि ५६ वं स्तोत्र पाठवा ग्रुपवर.