तर्कदोषाचे नाव सांगणे म्हणजे उत्तर देणे नव्हे

समाजमाध्यमांवर वाद कसा घालावा हे शिकवणारा एक मजकूर मराठीत सतत फिरत असतो. शब्द दर वेळी थोडे बदलतात, पण गाभा तोच राहतो. समोरच्याच्या बोलण्यात तर्कदोष सापडला की त्याचे म्हणणे कोसळते. माणसाविषयी बोलणे किंवा तज्ज्ञाचा हवाला देणे हा दोषच असतो. जो चिडला तो हरला. ज्याला असे दोष ओळखता येतात तो विचारांच्या वरच्या पायरीवर उभा असतो. आणि खालच्या पायरीवरच्यांशी बोलण्यात वेळ घालवू नये, दोषाचे नाव सांगावे आणि चर्चेतून बाहेर पडावे, असे त्याचे सांगणे असते. हा सल्ला तरुण मुले मनापासून मानतात आणि अमलात आणतात, म्हणून त्याचा मुद्देसूद प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

तर्कदोषांचा अभ्यास करू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. समोरच्याच्या म्हणण्याऐवजी त्याच्या म्हणण्याचे बुजगावणे उभे करून त्यालाच झोडपणे, दोनच पर्याय आहेत असे भासवणे, एका उदाहरणावरून सगळ्यांविषयी निष्कर्ष काढणे, या गोष्टी रोज घडतात आणि त्या ओळखता आल्याच पाहिजेत. माझा आक्षेप आहे तो या ज्ञानाचा जो उपयोग हा मजकूर शिकवतो त्याला.

पहिला दावा असा की युक्तिवादात दोष सापडला की निष्कर्ष खोटा ठरतो. हे तर्कशास्त्राच्याच दृष्टीने चूक आहे. युक्तिवाद सदोष असेल तर त्यातून एवढेच ठरते की त्या कारणांनी तो निष्कर्ष सिद्ध झाला नाही. निष्कर्ष खरा आहे की खोटा हा प्रश्न शिल्लकच राहतो. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरचे उदाहरण मला येथे सर्वांत बोलके वाटते. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूतिकक्षात एप्रिल १८४७ मध्ये बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण १८.३ टक्के होते. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतलेच पाहिजेत, असा नियम त्याने मे महिन्याच्या मध्यास घातला, आणि जूनमध्ये ते प्रमाण २.२ टक्क्यांवर, तर जुलैमध्ये १.२ टक्क्यांवर आले. मात्र हे का घडते याचे त्याने दिलेले स्पष्टीकरण अपुरे होते. जंतूंची कल्पना तेव्हा प्रस्थापित झालेली नव्हती. कुजणारे सेंद्रिय द्रव्य शरीरात जाते आणि बाळंतज्वराचे तेवढे एकच कारण असते, असे तो आग्रहाने सांगत राहिला. त्याच्या विरोधकांना या मांडणीत उणिवा दाखवता आल्या आणि त्यांतल्या काही खऱ्याही होत्या. पण हात धुतल्याने बाळंतिणी वाचतात हा त्याचा निष्कर्ष त्या उणिवांमुळे रेसभरही खोटा झाला नाही. मांडणीतला दोष दाखवून विषय मिटला असे ज्यांनी मानले, त्यांच्या कक्षांमध्ये बाळंतिणी मरतच राहिल्या.

माणसाविषयी बोलणे किंवा तज्ज्ञाचा हवाला देणे हा दोषच असतो, या दुसऱ्या दाव्यावर मला अधिक सविस्तर लिहावे लागेल, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्या गावाच्या नव्या पाणीयोजनेविषयी नातेवाइकांच्या गटात चर्चा चालू होती. माझ्या मामांनी लिहिले, "ज्यानं पाइपलाइन टाकली तोच पाणी चांगलं आहे म्हणून सांगतोय. त्याच्या शब्दावर कसा विश्वास ठेवायचा?" मी लगेच उत्तर दिले, "मामा, हा व्यक्तिलक्ष्यी तर्कदोष आहे. माणसावर नको, मुद्द्यावर बोला." चार-पाच जणांनी माझ्या उत्तराला पसंतीचे अंगठे दिले आणि मामांनी त्या चर्चेत पुन्हा काही लिहिले नाही. आज पाहताना मला स्पष्ट दिसते की मामांच्या बोलण्यात दोष नव्हता. पाणी चांगले आहे या विधानाला त्या माणसाच्या शब्दाखेरीज दुसरा कोणताही आधार दिला गेला नव्हता, आणि जेव्हा एखाद्याचा शब्द हाच पुरावा असतो तेव्हा शब्द देणाऱ्याचा हितसंबंध तपासणे हे मुद्द्यावरच बोलणे असते. न्यायालयात उलटतपासणीच्या वेळी साक्षीदार विश्वासार्ह आहे का, त्याचा निकालात काही स्वार्थ आहे का, हे विचारले जाते, आणि त्याला कोणी तर्कदोष म्हणत नाही. दोष तेव्हा घडतो जेव्हा पुरावा स्वतंत्रपणे समोर ठेवलेला असतो आणि तो न पाहता मांडणाऱ्याची जात, वय, पक्ष किंवा चारित्र्य काढले जाते. हा फरक त्या मजकुरात कोठेही सांगितलेला नसतो.

तज्ज्ञाच्या हवाल्याचेही तसेच आहे. आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, ज्ञानाची चार प्रमाणे म्हणजे साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, आणि शब्दाची व्याख्या 'आप्तोपदेशः शब्दः' अशी केली. म्हणजे जो त्या विषयाचा जाणकार आहे आणि खरे सांगू इच्छितो, त्याचे वचन हे ज्ञानाचे साधन आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात तज्ज्ञाच्या मताला स्थान होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. हृदयरोगतज्ज्ञाने लसीकरणाविषयी किंवा अभिनेत्याने अर्थसंकल्पाविषयी काही म्हटले म्हणून ते खरे मानणे हा दोष खरा; पण ज्याचा जो विषय आहे त्यावर त्याचे म्हणणे आधार म्हणून देणे हा दोष नव्हे. सगळेच तज्ज्ञ चुकू शकतात हे म्हणणे बरोबर आहे, आणि ते लागू करायचे तर तर्कदोषांची यादी करणाऱ्यालाही लागू करावे लागेल.

जो चिडला तो हरला, हे तिसरे म्हणणे. याच सेमेलवाइसने १८६१ पासून युरोपातील नामांकित प्रसूतितज्ज्ञांना जाहीर पत्रे लिहिली आणि त्यांत त्यांना खुनी म्हटले. या भाषेने त्याचे नुकसान झाले, ऐकू शकले असते असे लोकही दुरावले, हे मान्य करायला हवे. पण नुकसान होणे वेगळे आणि खोटे ठरणे वेगळे. आकडे रागावत नाहीत. पत्र कोणत्याही सुरात लिहिलेले असले तरी ते आकडे तेच राहतात. शिवाय शांत राहणे हे पुष्कळदा विचारशक्तीचे नव्हे, तर सुरक्षित अंतराचे लक्षण असते. ज्याची जमीन जाणार नाही त्याला धरणावर शांतपणे बोलता येते. धरणाविरुद्धच्या १९२१ च्या मुळशी सत्याग्रहात सेनापती बापटांबरोबर उभ्या राहिलेल्या मावळ्यांची घोषणा 'जान किंवा जमीन' अशी होती. यादी हातात घेऊन बसलेला आजचा वाचक तिच्यावर 'खोटी द्विधा' असा शिक्का मारेल, कारण जीव आणि जमीन यांच्यामध्ये मोबदला, पुनर्वसन असे इतर पर्याय कागदावर दाखवता येतात. पण ती घोषणा हे अनुमान नव्हतेच. तो निर्धार होता, आणि निर्धाराला अनुमानाचे नियम लावणे ही वाचणाऱ्याची चूक आहे. बोलणारा सिद्ध करतो आहे, विनवतो आहे, की आपला निश्चय सांगतो आहे, हे आधी ओळखावे लागते.

चौथा दावा श्रेष्ठत्वाचा आहे आणि मला तो सर्वांत घातक वाटतो. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेले कोडे मराठीत असे सांगता येईल. टेबलावर चार कार्डे आहेत, दिसणाऱ्या बाजूंवर 'अ', 'क', '४' आणि '७' असे लिहिले आहे. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक आहे. 'एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो' हा नियम तपासण्यासाठी कोणती कार्डे उलटावी लागतील? बहुतेक लोक 'अ' आणि '४' सांगतात. योग्य उत्तर 'अ' आणि '७' आहे, कारण 'अ' च्या मागे विषम अंक किंवा '७' च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. '४' च्या मागे काहीही असले तरी नियमाला धक्का लागत नाही. हे उत्तर देणारे साधारणपणे दहांत एकच असतात, आणि न देणाऱ्यांत विद्यापीठांत शिकणारी हुशार मुलेच मोठ्या संख्येने असतात. त्याच धाटणीचा नियम दारू पिण्याच्या कायदेशीर वयाविषयी घातला की मात्र बहुतेक माणसे बरोबर उत्तर देतात. तर्कशक्ती हा एखाद्याकडे असलेला आणि दुसऱ्याकडे नसलेला दागिना नाही. ती परिचयाच्या विषयात नीट चालते आणि अनोळखी विषयात अडखळते. पाण्याविषयी माझ्यापेक्षा माझे मामा अचूक विचार करत होते ते यामुळेच.

याहून मोठी अडचण अशी आहे की दुसऱ्याचे पूर्वग्रह आपल्याला स्पष्ट दिसतात आणि स्वतःचे दिसत नाहीत. रिचर्ड वेस्ट, रसेल मेसर्व्ह आणि कीथ स्टॅनोविच यांच्या २०१२ च्या संशोधनात, आकलनाच्या चाचण्यांमध्ये अधिक गुण मिळवणाऱ्यांमध्येही हा आंधळेपणा कमी झालेला आढळला नाही. त्यामुळे 'मला दोष दिसतात, म्हणून माझ्यात ते नाहीत' हे अनुमान ज्याच्या त्याने स्वतःपाशी तपासून पाहण्यासारखे आहे.

हा श्रेष्ठत्वाचा प्रकार आपल्याकडे नवाही नाही. निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेतला तेव्हा जोतीरावांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवण्यावर त्यांनी आपली विलक्षण लेखणी झिजवली. चिपळूणकरांच्या गद्याविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच हे लिहिताना वाईट वाटते. व्याकरणाच्या चुका दाखवून मूळ प्रश्नाला उत्तर मिळत नव्हते. त्याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा केंद्रीय कायदा त्यानंतर २००९ मध्ये झाला. त्या निवेदनाचे मोल त्याच्या लेखकाच्या ऱ्हस्वदीर्घांवरून ठरवणे किती अन्यायाचे झाले असते, हे आज सांगायला नको.

आता शेवटचा सल्ला: नाव सांगा आणि निघून जा. या सल्ल्याचे समर्थन करणारे अनेकदा आपल्या प्राचीन वादपरंपरेचा अभिमानाने उल्लेख करतात, म्हणून ती परंपरा काय सांगते ते पाहू. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, म्हणजे न्यायसूत्रांत, चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य जाणण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करत राहणे ती वितंडा. दोषाचे नाव सांगून निघून जाणारा स्वतःचा पक्ष मांडतच नाही, म्हणजे तो वितंडा करतो. त्याच सूत्रांत वादात पराभव ठरवणारी बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांतले एक आहे 'निरनुयोज्यानुयोग': जेथे दोष नाही तेथे दोषाचा आरोप करणे. असा आरोप करणारा स्वतः हरतो. माझ्या मामांना मी दिलेले उत्तर नेमके या सदरात मोडते. दुसरे आहे 'मतानुज्ञा': आपल्यावरचा आक्षेप न खोडता 'तुमच्यातही तोच दोष आहे' असे म्हणणे, म्हणजे आक्षेप मान्यच करणे. 'तेव्हा कुठे होतात?' या रोजच्या प्रश्नाला इतके नेमके नाव आपल्याकडे इतक्या जुन्या काळापासून आहे. आणि तिसरे, मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे, 'अननुभाषण': सभेला कळलेले आणि तीनदा सांगितलेले प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतःच्या तोंडून परत सांगता न येणे. ज्याला ते सांगता येत नाही त्याला खंडनाचा अधिकार नाही, तो तेथेच हरला.

न्यायसूत्रे जल्प आणि वितंडा यांनाही जागा देतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोवळ्या रोपाच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे तसे सत्याच्या निश्चयाच्या रक्षणासाठी हे दोन प्रकार वापरावेत, असे तेथे म्हटले आहे. पण कुंपणाच्या आत रोप असावे लागते. ज्याने स्वतःचे काहीच मांडलेले नाही, तो काट्यांनी कशाचे रक्षण करतो?

बोलत राहण्याचा लाभ मोजलेलाही आहे. डेव्हिड मोशमन आणि मॉली गील यांच्या १९९८ च्या प्रयोगात वेसनचे तेच कोडे एकट्याने सोडवणाऱ्यांपैकी ९ टक्क्यांनाच सुटले, तर पाच-सहा जणांनी चर्चा करून सोडवलेल्या गटांपैकी ७५ टक्के गट योग्य उत्तरापर्यंत पोहोचले. काही गटांत सुरुवातीला योग्य उत्तर एकालाही आलेले नव्हते, तरी एकमेकांची कारणे तपासताना ते त्यांना मिळाले. पहिले चुकीचे उत्तर ऐकताच दोषाचे नाव सांगून कोणी उठून गेला असता, तर त्या गटांना ते मिळाले नसते.

मामांना मी आता पुन्हा लिहिले आहे. त्यात आधी त्यांचे म्हणणे मला समजले तसे मांडले आहे: पाणी चांगले असल्याचा दावा ज्याचा त्यात फायदा आहे तोच करतो आहे, आणि त्याच्याशी संबंध नसलेल्या कोणी पाणी तपासल्याचे आपल्याला दाखवलेले नाही. हे बरोबर मांडले का, असे त्यांना विचारले आहे, आणि त्यांनी होकार दिला तर तपासणीच्या अहवालाची मागणी ग्रामपंचायतीकडे आम्ही दोघांच्या सहीने करणार आहोत.