'तत्त्वज्ञान मुलांच्या डोक्यावरून जातं' म्हणणाऱ्यांना उत्तर

पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. शाळेत तत्त्वज्ञान हे परदेशी खूळ आहे, ते मुलांच्या डोक्यावरून जातं, अभ्यासाचा वेळ खातं आणि मुलं उलट उत्तरं द्यायला शिकतात, असा त्याचा सूर. मी शनिवारी पाचवीच्या मुलांचा असा तास घेते, म्हणून लिहिते.

डोक्यावरून जातं? आमच्या तासाला शंकराचार्य किंवा प्लेटो पाठ करायचे नसतात. गोल बसायचं, छोटी गोष्ट वाचायची, प्रश्न मुलांनीच काढायचे, हात वर करून त्यातला एक निवडायचा. एकदा निवडला गेला तो असा: दुसऱ्याचं खोडरबर उचललं आणि कुणाला कळायच्या आत परत ठेवलं, तर ती चोरी का? "नाही, कुणाचं नुकसान झालंच नाही," एक मुलगा म्हणाला. समोरची मुलगी म्हणाली, "आणि ठेवायच्या आधी पकडला गेला असता तर?" तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "थांब, मला उत्तर बदलायचंय." हे पाचवीतल्या पोराला जमलं.

परदेशी म्हणाल, तर पद्धत अमेरिकेतली, हे खरं. मॅथ्यू लिपमन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये न्यू जर्सीत त्यासाठी संस्था काढली. पण यमाला प्रश्न विचारून भंडावणारा नचिकेता कुठला? आणि मुक्ता साळवे तर पुण्याचीच, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला. वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते बघायचीही मुभा नाही, मग आमचा धर्म कोणता, असं मांगाघरच्या त्या शाळकरी मुलीने लिहिलं. धर्म म्हणजे काय, यावर याहून अवघड प्रश्न मला तरी ठाऊक नाही.

वेळेचं म्हणाल, तर आठवड्याला एक तास. इंग्लंडमध्ये ४८ शाळांत झालेल्या अशा तासांच्या चाचणीच्या २०१५ च्या अहवालात वाचन आणि गणितात सुमारे दोन महिन्यांची जास्तीची प्रगती नोंदली होती. पुढच्या मोठ्या चाचणीत वाचनात फरक दिसला नाही, म्हणून मार्क वाढतील असं मी कुणाला सांगत नाही. मुलं एकमेकांचं ऐकायला आणि कारण द्यायला शिकतात, मला तेवढं पुरेसं आहे.

राहिली उलट उत्तरं. आमचा नियम असा की आधीच्याचं म्हणणं त्याला पटेल असं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, मगच विरोध करायचा. घरी मूल 'का?' विचारेल, हे नक्की. तेव्हा त्याला कारण सांगा.